परवाना सरकारचा, ठराव गावाचा

दारूचे दुकान गावात येताना आणि गावातून घालवताना ग्रामसभेच्या हातात नेमके काय असते?

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीचे स्थान म्हणून परिचित असलेले गाव. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणारा वर्दळीचा रस्ता या गावावरून जातो. देवस्थान, रस्ता आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची ये-जा असलेल्या अशा गावात दारूच्या दुकानाचा विषय निघाला, की पहिला जाब ग्रामपंचायतीला विचारला जातो. 'परवानगी दिलीच कशी?' हा तो प्रश्न. वस्तुतः दारू विक्रीचा परवाना ग्रामपंचायत देत नाही आणि रद्दही करू शकत नाही. तो अधिकार राज्य शासनाचा आहे. तरीही गावाचा ठराव ही या व्यवहारातील निर्णायक पायरी ठरते. दुकान गावात येण्यापूर्वी लागणारी संमती थोड्या लोकांच्या उपस्थितीतही मिळू शकते. तेच दुकान घालवायचे झाल्यास मात्र यादीतील निम्म्याहून अधिक महिलांनी प्रत्यक्ष येऊन मत द्यावे लागते. या दोन मोजमापांतील अंतर अनेक गावांच्या लक्षात येते ते दुकान सुरू झाल्यानंतरच.

परवाना कोणाच्या अधिकारात?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत मादक पेयांचा विषय आहे. मद्यावरील उत्पादन शुल्कही राज्याच्याच वाट्याला येते. दुसरीकडे, घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले आहे. महसूल आणि मद्यनिषेध ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर असल्याने शासनाच्या धोरणात सदैव ओढाताण दिसते.

राज्यातील मूळ कायदा १९४९ चा. मुंबई दारूबंदी अधिनियम या नावाने तो मोरारजी देसाई गृहमंत्री असताना आला आणि आता तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या अबकारी व्यवस्थेत होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या विस्तार अधिनियमानंतर या भागालाही दारूबंदी कायदा लागू झाला. कायद्याचे नाव दारूबंदीचे असले, तरी त्याची रचना परवान्याची आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणे, बाळगणे, विकणे आणि पिणे यांस बंदी, हे त्याचे सूत्र. साठच्या दशकापासून शासनाने धोरण सैल केले आणि १९७३ च्या देशी दारू नियमांनी गावोगावच्या देशी दारू दुकानांना सध्याचे स्वरूप आले.

परवान्याचा प्रस्ताव राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. विभागाच्या आयुक्तांकडे अपील आणि त्यावर शासनाकडे दाद, असा पुढचा मार्ग आहे. दारूचा व्यापार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक या प्रकरणातील १९९४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे परवाना ही सवलत ठरते. मात्र एकदा दिलेली सवलत काढून घेताना नियमांतील कार्यपद्धती पाळावीच लागते.

चार पाट्या, चार परवाने

बोलताना सगळ्यालाच 'दारूचे दुकान' म्हटले जात असले, तरी परवाने वेगवेगळे आहेत. देशी दारूच्या किरकोळ विक्रीचा परवाना सीएल-३. विदेशी मद्याच्या सीलबंद बाटल्या विकणारे वाइन शॉप एफएल-२. बसून पिण्याची सोय असलेली परमिट रूम एफएल-३. बिअर शॉपीचा परवाना एफएलबीआर-२. गावाला तक्रार करायची असेल, तर आधी दुकान यांपैकी कोणते आहे हे पाहणे आवश्यक ठरते. बिअर शॉपीच्या मागे बसून पिण्याची 'सोय' असेल, तर ती परवान्याच्या अटींचा भंग आहे आणि त्यासाठी गावाच्या मतदानाची वाट पाहावी लागत नाही. विभागाकडे लेखी तक्रार करता येते.

वाइन शॉप आणि देशी दारू दुकानांचे नवे परवाने देणे शासनाने सत्तरच्या दशकापासून थांबवले आहे. मग नव्या ठिकाणी देशी दारूचे दुकान दिसते कसे? त्याचे उत्तर 'स्थलांतर' या शब्दात आहे. एका ठिकाणचा जुना परवाना शासनाच्या मान्यतेने दुसऱ्या ठिकाणी नेला जातो. परवान्यांची संख्या गोठल्यामुळे जुन्या परवान्याचे मोल वाढले आणि तो अधिक गिऱ्हाईक असलेल्या ठिकाणी नेण्याची ओढही वाढली. रस्त्यावरची, बाजारपेठेची गावे म्हणूनच स्थलांतराच्या प्रस्तावांसाठी सोयीची ठरतात. २०२५ च्या जुलैत नवे परवाने देण्याच्या हालचालींची चर्चा सुरू झाली, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री व उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांना विधिमंडळाला विश्वासात घेतल्याविना नवे परवाने दिले जाणार नाहीत, अशी ग्वाही द्यावी लागली होती. परमिट रूम आणि बिअर शॉपी यांना मात्र ही गोठवणूक लागू नाही.

ग्रामसभेची संमती

ग्रामीण भागात नवा परवाना किंवा जुन्या परवान्याचे स्थलांतर यांच्या प्रस्तावासोबत ग्रामसभेचा ना-हरकत ठराव मागितला जातो. गावाच्या हाती असलेला हा पहिला आणि सर्वात सोपा अधिकार. शाळा, देवस्थान, बसस्थानक यांच्यापासूनच्या अंतराची मोजणी उत्पादन शुल्क विभाग करतो. गावाला दुकान हवे की नको, हे मात्र ठरावातूनच कळते.

अडचण ग्रामसभेच्या उपस्थितीची आहे. सर्वसाधारण नियमानुसार ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तिने होते. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावातही शंभर जण जमले की सभा वैध. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच विषयांसाठी पुन्हा भरली, तर तिला गणपूर्तीचीही अट राहत नाही. विषयपत्रिकेच्या शेवटी 'ऐनवेळचे विषय' या सदरात एखादा अर्ज पुढे आला आणि सभा विरळ असेल, तर मोजक्या हातांनी दिलेली संमती संपूर्ण गावाची संमती म्हणून कागदावर येते.

ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती नेमकी अशा विषयांसाठी उपयोगी आहे. महिला सभेने नोंदवलेला विरोध ग्रामसभेच्या इतिवृत्तात आला, तर पुढे जिल्हाधिकाऱ्यांसमोर तो लेखी पुरावा ठरतो. महिला सभा केवळ नोंदवहीत भरवली गेली, तर ही संधी हातची जाते.

अनुसूचित क्षेत्रातील गावांची स्थिती वेगळी आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानंतर महाराष्ट्राने आपल्या ग्रामपंचायत कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले आणि तेथील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचे वा नियंत्रण ठेवण्याचे अधिकार दिले. बीड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे लिंबागणेशसारख्या गावांना सर्वसाधारण नियमांचाच आधार आहे.

आडवी बाटली, उभी बाटली

दुकान सुरू झाल्यानंतर ते बंद करण्याचा मार्ग शासनाच्या २००८ च्या आदेशाने घालून दिला आहे. गावातील एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. प्रशासन सह्यांची मतदार यादीशी पडताळणी करते. निवेदन ग्राह्य ठरले, की गुप्त मतदान घेतले जाते. लिहिता-वाचता न येणाऱ्या महिलांनाही कौल देता यावा, म्हणून मतपत्रिकेवर चित्रे असतात. दुकान बंद करायचे असेल तर आडवी बाटली, सुरू ठेवायचे असेल तर उभी बाटली. या दोन शब्दांनी महाराष्ट्राच्या गावगाड्यात स्वतःची जागा निर्माण केली आहे. 'आमच्याकडे बाटली आडवी झाली' एवढे म्हटले, की पुढचे सांगावे लागत नाही.

यातील कळीचा मुद्दा बहुमताच्या व्याख्येचा आहे. येथे झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही. यादीतील एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळावी लागतात. मतदानाला न आलेल्या महिलेचे मत प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्य महिलांनी बंदीचा कौल देऊनही हा टप्पा थोडक्यात हुकल्याने दुकान कायम राहिल्याची उदाहरणे राज्यात घडली आहेत.

लोकसभा, विधानसभा वा ग्रामपंचायत यांपैकी कोणत्याही निवडणुकीत उमेदवाराला एवढी कठोर कसोटी लावली जात नाही. तेथे झालेल्या मतांपैकी सर्वाधिक मते पुरतात. परवान्याच्या बाबतीत चालू व्यवसाय बंद होत असल्याने कसोटी कडक असावी, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. मात्र व्यवसाय सुरू करण्यास संमती देताना हीच कसोटी का नाही, या प्रश्नाला नियमांत समाधानकारक उत्तर नाही.

ऊसतोडीचा हंगाम आणि मतदार यादी

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता, अशी या कामाची मोजणी. मुकादमाकडून उचल जोडीच्या नावे घेतली जाते आणि जोडीनेच ती फेडावी लागते. याचा अर्थ गावातील पुरुषांबरोबर महिलाही हंगामाचे सुमारे सहा महिने गावाबाहेर असतात. दारूचा सर्वाधिक जाच सोसणाऱ्या घरांतील महिलाच अनेकदा मतदानाच्या दिवशी फडात असतात.

याचा परिणाम साध्या हिशेबाने पाहता येतो. समजा, एका गावात १,६०० महिला मतदार आहेत. निवेदनासाठी ४०० सह्या लागतील आणि दुकान बंद होण्यासाठी किमान ८०१ मते. हंगामात यांपैकी ५०० महिला ऊसतोडीला गेल्या असतील, तर गावात ११०० उरतात. त्यांच्यातून ८०१ मते मिळवायची, म्हणजे हजर असलेल्या जवळपास ७३ टक्के महिलांनी केंद्रावर येऊन एकाच बाजूने कौल द्यायचा. हेच मतदान पावसाळ्याच्या तोंडावर, टोळ्या गावी असताना झाले, तर आवश्यक प्रमाण ५० टक्क्यांच्या जरा वर येते. याच गावात दुकानाला संमती देणारी ग्रामसभा मात्र शंभर जणांत पार पडू शकते.

मतदार यादीची अवस्था हा दुसरा अडसर. मृत महिलांची न वगळलेली नावे, लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकींची माहेरच्या यादीत राहिलेली नावे, दुबार नोंदी आणि पुण्या-मुंबईस कायमचे स्थलांतरित झालेल्या कुटुंबांची नावे या सर्वांनी एकूण संख्या फुगते. संख्या फुगली, की तिचे निम्मेही फुगते. म्हणून निवेदन देण्यापूर्वी यादी शुद्ध करून घेणे हे सह्या गोळा करण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. सह्यांच्या पडताळणीतही अंगठा, नावातील फरक, माहेर-सासरची आडनावे यांवरून सह्या बाद होतात. त्यामुळे किमान संख्येपेक्षा बऱ्याच अधिक सह्या घेणे शहाणपणाचे ठरते.

महामार्गाचा निकाल आणि रस्त्यावरची गावे

रस्त्यावरच्या गावांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी आणखी एक परिमाण आणले. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विक्रीला मनाई करण्यात आली. ३१ मार्च २०१७ रोजी त्यात बदल होऊन २० हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटर करण्यात आले. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीतील परवान्यांना हा आदेश आड येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायत क्षेत्रांबाबत निर्णय घेण्याची मुभा राज्यांना देण्यात आली.

या काळात रस्त्याचा दर्जा हा अचानक दारूचा विषय बनला. महामार्गाचा शहरातून जाणारा भाग स्थानिक संस्थेकडे वर्ग केला, की तो महामार्ग उरत नाही आणि दुकाने वाचतात. जळगाव शहरातील रस्ते महापालिकेकडे वर्ग करण्याचा २०१७ मधील निर्णय याच कारणाने वादग्रस्त ठरला. अपघात टाळण्यासाठी सुरू झालेली न्यायालयीन प्रक्रिया टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि अंतिम निर्णय पुन्हा राज्याच्या धोरणावर येऊन थांबला.

शहरातील प्रभाग, गृहनिर्माण संस्था आणि किराणा दुकान

हा प्रश्न गावापुरता मर्यादित नाही. २००९ मध्ये मतदानाची तरतूद शहरी प्रभागांनाही लागू झाली. परंतु हजारोंची यादी असलेल्या प्रभागात निम्म्याहून अधिक मतदारांना एका विषयासाठी केंद्रावर आणणे जवळपास अशक्य असते. ११ मार्च २०२५ रोजी विधानसभेत याविषयी दोन घोषणा झाल्या. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान सुरू करण्यासाठी त्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील, ही पहिली. प्रभागात झालेल्या मतदानाच्या ७५ टक्के मते बंदीच्या बाजूने पडल्यास दुकान बंद केले जाईल, ही दुसरी. झालेल्या मतदानाचा आधार घेण्याची ही भूमिका महत्त्वाची आहे. गैरहजर मतदाराला दुकानाचा समर्थक मानणारे गणित शासनालाही अडचणीचे वाटू लागल्याचे ते चिन्ह होय.

त्याआधी २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाटातून वाइन विकण्यास मान्यता दिली होती. द्राक्ष उत्पादकांना बाजारपेठ मिळेल, असे समर्थन करण्यात आले. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षांनीही टीका केली आणि निर्णय अमलात आला नाही. किराणा घेण्याच्या ठिकाणी मद्य असावे की नाही, या प्रश्नावर स्थानिक संस्थांचे मत घेण्याची व्यवस्था त्या निर्णयात ठळकपणे दिसली नव्हती.

दुकान बंद झाल्यानंतर

परवानाधारक दुकान बंद झाल्याने दारू संपते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या पुढाकारातील लोकचळवळीने तिला बळ दिले. चंद्रपूरमध्ये महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. पण अवैध विक्री आणि वाढलेल्या गुन्ह्यांचे कारण देऊन २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. पारनेर तालुक्यातील निघोजच्या महिलांनी २०१६ मध्ये मतदानाने बंदीचा कौल दिला आणि पुढे दुकाने पुन्हा सुरू करण्यावरून तेथे वाद झाला. बंदी मिळवणे आणि ती टिकवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हा या सर्व अनुभवांचा अर्थ.

विनापरवाना विक्रीवर दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ (ई) खाली कारवाई होते. सराईत हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ चा एमपीडीए कायदा आहे. गावपातळीवर देखरेखीसाठी ग्रामरक्षक दलाची तरतूदही कायद्यात आली आहे. सार्वजनिक शांततेला बाधा येण्याची शक्यता असेल, तर कलम १४२ नुसार जिल्हाधिकारी दुकाने बंद ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. गणेशोत्सवात आणि मिरवणुकांच्या दिवशी याच अधिकाराचा वापर होतो.

गावाने काय पाहावे?

पहिली दक्षता ग्रामसभेच्या सूचनेची. दवंडी आणि फलकावरील विषयपत्रिका वाचावी. दारू परवान्याचा विषय ऐनवेळी घेण्यास त्याच सभेत हरकत नोंदवावी आणि ती इतिवृत्तात आली आहे, याची खात्री करावी. ठरावाची प्रत मागणे हा ग्रामस्थांचा हक्क आहे. ती ग्रामपंचायतीतून न मिळाल्यास माहिती अधिकार कायद्याचा अर्ज करता येतो. दुसरी दक्षता प्रस्तावाच्या स्वरूपाची. नवा परवाना आहे की दुसरीकडून आलेले स्थलांतर, हे अधीक्षक कार्यालयात विचारावे. तिसरी वेळेची. मतदान मागायचे झाल्यास मतदार यादी आधी दुरुस्त करून घ्यावी आणि निवेदन अशा बेताने द्यावे, की मतदानाची तारीख कोयते गावी परतल्यानंतरची येईल. तारीख प्रशासन ठरवत असले, तरी हंगामी स्थलांतराचा मुद्दा निवेदनातच मांडण्यास कोणताही प्रतिबंध नाही.

नियमांत बदल करायचा झाल्यास तो दोन बाजूंनी होऊ शकतो. ना-हरकत ठरावासाठी महिला मतदारांच्या ठरावीक उपस्थितीची अट घालता येईल, किंवा दुकान बंद करण्याच्या मतदानात झालेल्या मतांचे बहुमत ग्राह्य धरता येईल. प्रभागांसाठी विधानसभेत जाहीर झालेली भूमिका गावांनाही लागू होणार का, हा बीडसारख्या स्थलांतरितांच्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचा प्रश्न आहे. तोपर्यंत शंभर जणांच्या ग्रामसभेला उपस्थित राहणे, हाच गावासाठी सर्वात स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. त्या सभेला न गेलेल्यांना पुढे आठशे मते गोळा करावी लागतात.